ट्रकच्या केबिनमध्ये कूलंटचा वास: डॅशबोर्ड उघडण्याआधी काय काय बघायचं

"भाऊ, केबिनमधी गोड वास येऊन राह्यला." ही तक्रार घेऊन येणारा ड्रायव्हर बहुतेक याच वाक्यानं सुरुवात करतो. वास कसला, म्हणून विचारलं तर कुणी गुळाच्या पाकासारखा सांगतो, कुणी काकवीसारखा, कुणी खोकल्याच्या औषधासारखा. हा कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा वास. त्याच्या सोबतीनं आणखी काही खुणा दिसतात:

- समोरच्या काचेला आतून धूसर, तेलकट थर येतो. फडक्यानं पुसला तर निघत नाही, पसरतो. रात्री समोरच्या गाडीचा लाइट त्यावर फाकतो.
- क्लीनरच्या बाजूची चटई किंवा तिच्याखालचा नमदा ओलसर, चिकट लागतो.
- कूलंटच्या टाकीतली पातळी दर आठ-दहा दिवसांनी खाली जाते, पण गाडीखाली डबकं दिसत नाही.
- वास ठरावीक वेळीच येतो: फक्त घाट चढताना, किंवा फक्त सकाळी पहिल्या स्टार्टला, किंवा ब्लोअर लावल्यावरच.
- लांबच्या फेरीत डोळे चुरचुरतात, डोकं जड होतं.

सगळ्या खुणा एकाच गाडीत दिसत नाहीत. कोणती दिसते आणि केव्हा दिसते, त्यावरून अर्धं निदान होतं. म्हणून ड्रायव्हर गॅरेजला आला की मी आधी पाना उचलत नाही, त्याला बसवून पाच मिनिटं विचारतो. मालक घाईत असतो, "गाडी तर चालून राहिली ना?" म्हणतो. गाडी चालते हे खरं. पण त्या केबिनमध्ये माणूस दिवसाचे बारा तास बसतो आणि रात्री तिथंच झोपतो. पूर्वी खिडक्या उघड्या असायच्या, वास उडून जायचा. आता १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड मालवाहू गाड्यांच्या केबिनला एसी सक्तीचा आहे. ड्रायव्हरसाठी ही फार चांगली गोष्ट झाली. पण काचा बंद राहिल्या की आतली गळतीही आतच फिरत राहते, हे ध्यानात ठेवा.

वास केबिनमध्ये येतो म्हणजे गळती केबिनमध्येच आहे, असं नाही. या कामात सगळ्यात जास्त पैसा याच एका गैरसमजापायी वाया जातो. डॅशबोर्डच्या आत हीटर कोअर असतो, म्हणजे छोटा रेडिएटरच. तो फुटला की आत वास येतो, हे बरोबर. पण आपल्या बहुतेक ट्रकमध्ये इंजिन केबिनच्या खाली असतं आणि ताजी हवा घ्यायचं तोंड समोर, वायपरच्या पट्टीजवळ असतं. खाली किंवा समोर कुठंही कूलंट गरम लोखंडावर पडलं की त्याची वाफ ब्लोअर आत ओढतो. नाकाला दोन्ही वास सारखेच. खर्चात मात्र जमीन-अस्मानाचा फरक: इकडं शे-दीडशे रुपयांची क्लिप, तिकडं दोन दिवस उघडलेला डॅशबोर्ड.

आता तपासणी. बिनखर्चाची आधी.

१. वास कूलंटचाच आहे ना?

बीएस-६ गाडीत धूर स्वच्छ करायला वापरतात ते युरियाचं पाणी सांडलं तर वास नाकात झोंबणारा, अमोनियासारखा येतो आणि वाळल्यावर पांढरे स्फटिक जमतात. कूलंट वाळतं तेव्हा हिरवट, गुलाबी किंवा केशरी खपली राहते, जो रंग टाकीत असेल तो. नागपूरच्या कळमन्याहून संत्री भरलेल्या गाडीत, डॅशबोर्डवर अत्तराची बाटली लटकवलेल्या गाडीत नाक फसतं. तेव्हा बाटली काढा, माल उतरल्यावर पुन्हा वास घ्या. पायाशी पाणी दिसलं तर दोन बोटांत चोळा. एसीचं पाणी पाण्यासारखंच लागतं, कूलंट बुळबुळीत लागतं. चाखून बघू नका. जुने मिस्त्री जिभेला लावून ओळखायचे. मी माझ्या पोरांना ते करू देत नाही. कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल विष आहे. शंभर मिलीच्या आसपास पोटात गेलं तरी मोठ्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं आणि चवीला ते गोडच लागतं.

२. थंड इंजिनला पातळीची खूण

सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, टाकीवर मार्करनं पातळीची रेघ मारा आणि तारीख लिहा. तीन दिवस रोज त्याच वेळी बघा. गरम इंजिनला कूलंट फुगतं, म्हणून संध्याकाळची पातळी धरू नका. रेघ हलली नाही आणि वास मात्र येतोय, तर पूर्वी सांडलेलं कूलंट नमद्यात मुरलेलं असण्याची शक्यता जास्त. ते लवकर सुकत नाही. दिवसाला अर्धा लिटर जात असेल, तर खालच्या सगळ्या पायऱ्या एकाच दिवसात उरका.

३. ब्लोअरची परीक्षा

याला एक रुपया लागत नाही आणि निम्म्या गाड्यांचं निदान इथंच होतं. इंजिन पूर्ण तापू द्या, काचा बंद करा. पहिली पाच मिनिटं ब्लोअर बंद ठेवा. पुढची पाच मिनिटं ब्लोअर बाहेरच्या हवेवर चालवा. मग तीच वेळ आतल्या आत फिरणाऱ्या हवेवर, हीटरचा खटका पूर्ण गरमवर ठेवून. मे महिन्यात नागपुरात पारा पंचेचाळिसाच्या वर असताना हे करणं जिवावर येतं, ठाऊक आहे. पहाटे करा, पण करा.

ब्लोअर बंद असताना वास येत असेल तर हवा खालून घुसते आहे. गिअर लिव्हरचा रबरी बूट, स्टिअरिंगच्या दांडीभोवतीचं रबर आणि इंजिनवरच्या झाकणाची पट्टी बघा. फाटलेल्या बुटातून इंजिनची गरम हवा सरळ पायावर येते. फक्त बाहेरच्या हवेवर वास आला आणि आतल्या हवेवर कमी होत गेला, तर गळती बाहेर आहे. आतल्या हवेवर, गरम केल्यावर वास वाढला आणि काचेवर धुकं धरलं, तर संशय हीटर कोअरवर.

जुन्या गाड्यांत एक घोळ असतो. हवा बदलायच्या खटक्याची केबल निसटलेली असते. खटका इकडून तिकडं जातो, आतली झडप मात्र जागची हलत नाही. खटका फिरवताना ब्लोअरचा आवाज बदलतो का ऐका. बदलत नसेल तर आधी केबल लावा, मग परीक्षा घ्या.

४. एसीच्या पाण्याची नळी

ही तपासणी फार कमी जण करतात, म्हणून मुद्दाम सांगतो. एसीची कॉइल आणि हीटर कोअर बहुतेक गाड्यांत एकाच खोक्यात बसवलेले असतात, आणि त्या खोक्याच्या बुडाला पाणी जायची एक बारीक नळी असते. हीटर कोअर झिरपायला लागला की कूलंट आधी त्या नळीतूनच उतरतं. त्यामुळे चटई कोरडी राहते आणि आपण फसतो. नळीच्या तोंडाशी पांढरं सुती फडकं बांधा, एसी आणि हीटर आलटून पालटून चालवा, अर्ध्या तासानं फडकं सोडा. रंगाचा डाग आणि बुळबुळ असेल तर दोषी सापडला. नळी कचऱ्यानं तुंबलेली असेल तर तेच कूलंट उलटून चटईवर येतं. म्हणून चटईखाली हात घालूनही बघा. मी वरून दाबत नाही, नमदा उचलून पत्र्याला बोट लावतो. वरून कोरडा वाटणारा नमदा खालून ओला निघाला, असं कितीदा तरी झालंय.

५. टाकीचं झाकण

समोरची जाळी उघडा. बऱ्याच गाड्यांत कूलंट टाकायचं तोंड इथंच असतं आणि हवा घ्यायचं तोंड त्याच्या हातभर वर. झाकण सैल पडलं की वाफ सरळ केबिनमध्ये जाते.

झाकणाचं काम सांडू न देण्यापुरतंच नाही, ते दाब धरून ठेवतं. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी यांचं मिश्रण उघड्या हवेत १०७ अंशांच्या आसपास उकळतं. एक बार दाबाचं झाकण घट्ट बसलं असेल तर तेच १२५ च्या वर जातं. रबर चिरलं की दाब जातो. सपाट रस्त्यावर काही कळत नाही, पण नागपूर-सिवनी रस्त्यावर देवलापार, खवासा ओलांडून भरल्या गाडीनं कुरईचा घाट चढायला लागलं की मिश्रण उकळतं आणि वाफ सुटते. "फक्त घाटातच वास येते" असं ड्रायव्हर म्हणाला की मी आधी झाकण हातात घेतो. रबर बघा, कडेला खपली बघा. नवं घेताना झाकणावर छापलेला दाबाचा आकडा जुळवून घ्या. आटे बसले म्हणून कुठलंही लावू नका.

गरम इंजिनचं झाकण उघडू नका. फडकं गुंडाळून, अर्धा आटा फिरवून वगैरे काही नाही. रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) हातानं दाबून मऊ लागला आणि हाताला चटका बसला नाही, तरच उघडा. उन्हाळ्यात याला दोन तासही लागतात. भाजलेले हात मी जवळून बघितलेत, म्हणून हे परत परत सांगतो.

६. क्लिपा, सकाळच्या थंडीत

डिसेंबर-जानेवारीत नागपुरात पहाटे दहा अंशांच्या खाली जातं. तेव्हा होजचं रबर आकसतं, क्लिप सैल पडते आणि थेंब पडतो. इंजिन तापलं की रबर फुगून फट बंद. दुपारी मिस्त्री बघतो तर सगळं कोरडं. म्हणून ज्याला सकाळीच वास येतो, त्याची गाडी मी रात्री गॅरेजला ठेवून घेतो आणि उजाडायच्या आत टॉर्च घेऊन बघतो. क्लिपच्या कडेला रंगीत खपली दिसली की तिथंच गळतं. आवळताना जोर लावू नका. पट्टी रबरात रुतली तर होजच कापतो. वॉटर पंपाच्या बुडाला एक बारीक भोक असतं, तिथून डाग उतरलेला असेल तर पंपाचं सील गेलंय. ते भोक बुजवू नका. सील गेल्याचं कळावं म्हणूनच ते ठेवलेलं असतं.

७. केबिन उचलून हीटरचे होज

आता जरा थांबून सांगतो, कारण इथं बाकीचे चुकताना मी सगळ्यात जास्त बघितलंय.

मागच्या हिवाळ्यात एक दहाचाकी आली. मालकानं आधी दुसरीकडं डॅशबोर्ड उघडून नवा हीटर कोअर टाकला होता. दोन दिवस गेले, बरेच पैसे गेले, आणि सिवनीच्या पहिल्याच फेरीत वास परत. ड्रायव्हर पार वैतागलेला. मी केबिन उचलली, हीटरचे दोन्ही होज बघितले. कोरडे, धड. केबिन खाली केली, इंजिन चालवलं, वास आला. पुन्हा उचलली, पुन्हा कोरडं.

मग डोक्यात आलं. हे होज इंजिनकडून केबिनकडं जातात. इंजिन चेसिसवर बसलेलं आणि केबिन कब्जावर उचलली जाणारी, त्यामुळे केबिन दर वेळी वर-खाली झाली की होज कब्जापाशी वाकतो. केबिन वर असताना तो सरळ असतो, चीर मिटलेली असते. केबिन खाली आली की दुमडतो आणि चीर उघडते. म्हणजे आपण बघायला केबिन उचलतो आणि उचलल्यामुळेच गळती लपते.

मी दोन्ही होजना वीत-वीत अंतरावर टिश्यू पेपर गुंडाळून दोऱ्यानं बांधला. केबिन खाली केली, इंजिन वीस मिनिटं तापवलं, बंद करून थंड होऊ दिलं आणि परत उचलली. कब्जाजवळच्या एका टिश्यूवर नखाएवढा हिरवा डाग होता. तिथं होज पत्र्याच्या कडेला घासून अर्धा झिजला होता. नवा होज टाकला, कडेला जुन्या ट्यूबचा तुकडा चढवला, आणि वास गेला. जुना हीटर कोअर मालकानं ठेवला होता. पाण्यात बुडवून हवा भरली, एक बुडबुडा आला नाही.

तेव्हापासून मी टिश्यू बांधल्याशिवाय हीटर कोअरला हात लावत नाही.

हे करायचं असेल तर गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ओट लावलेला, गिअर न्यूट्रलला, केबिनमधलं सगळं सामान बाहेर. केबिन पूर्ण उचला आणि आधाराची दांडी व लॉक बसलंय याची स्वतः खात्री करा. अर्धवट उचललेल्या केबिनखाली कुणीही शिरायचं नाही. दांडी वाकलेली असेल किंवा उचलायच्या जॅकमधून तेल गळत असेल, तर इथंच थांबा. हे काम गॅरेजचं.

८. दाब देऊन बघणं

हातपंपाचा टेस्टर बऱ्याच गॅरेजमध्ये असतो. थंड इंजिनला टाकीच्या तोंडावर बसवून झाकणावरच्या आकड्याइतका दाब द्यायचा, जास्त नाही, आणि पंधरा मिनिटं काटा बघायचा. केबिन वर ठेवून एकदा आणि खाली ठेवून एकदा. काटा दोन्ही वेळा पडला आणि बाहेर कुठंही थेंब नाही, तर कूलंट एकतर हीटर कोअरमधून जातंय नाहीतर इंजिनच्या आत. बारीक गळतीला चमकणारा रंग मिळतो. तो कूलंटमध्ये टाकून, दोन दिवस गाडी चालवून, रात्री अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारली की गळती पिवळी-हिरवी चमकते.

९. हीटर तात्पुरता वगळणं

इथवर येऊन संशय हीटर कोअरवरच ठरला, तरी लगेच डॅशबोर्ड उघडू नका. हीटरकडं जाणारा आणि परत येणारा होज त्याच मापाच्या पाइपनं एकमेकांना जोडा, म्हणजे कूलंट कोअरमध्ये न जाता इंजिनकडंच परत फिरेल. होज नुसते बुचं मारून बंद करू नका. काही इंजिनांत हवा काढायला आणि कूलंट फिरायला हीच वाट लागते. जोडल्यावर हवा काढा, पातळी भरा, चटई काढून ठेवा आणि आठवडाभर गाडी चालवा. पातळी हलली नाही आणि वास गेला, तर कोअरच गेलाय, आता खात्रीनं पैसे घाला.

आपल्याकडं दहा महिने हीटर लागत नाही, म्हणून काही जण हेच कायम ठेवतात. विदर्भातच फिरणाऱ्या गाडीला मी ते चालवून घेतो. पण जी गाडी संत्रं घेऊन ४४ नंबरच्या हायवेनं दिल्लीकडं किंवा त्याच्याही पुढं जाते, तिला थंडीत काचेवरचं धुकं काढायला हीटर लागतोच. तिथं कोअर बदला.

कोअर कशानं जातो, हेही मालकांना सांगतो. ढाब्यावरच्या बोअरचं पाणी टाकत राहिल्यानं. त्यातल्या क्षारांचा थर जमतो, कूलंटमधलं गंज रोखणारं रसायन पातळ होतं, आणि हीटर कोअरच्या नळ्या बारीक म्हणून त्यांना तडाखा लवकर बसतो. डिस्टिल्ड पाणी ठेवा. दोन रंगांची कूलंट मिसळू नका, आणि रंग सारखा म्हणून प्रकारही सारखा असंही समजू नका. गाडीच्या पुस्तकात लिहिलेला ग्रेड बघा. उरलेलं कूलंट पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत भरून केबिनमध्ये ठेवू नका. अंधारात, झोपेत माणूस तीच बाटली तोंडाला लावतो.

कुठं थांबायचं

डॅशबोर्ड काढणं हे घरचं काम नाही. एसीच्या गॅसच्या नळ्या, वायरिंगचे जोड, स्टिअरिंगचा खांब हे सगळं मधे येतं. हा हुनर असलेल्या मिस्त्रीकडंच द्या. आणि खालचं काही दिसलं तर घरगुती तपासणी तिथंच थांबवून गाडी उभी करा:

- टाकीत सतत बुडबुडे येतात, किंवा थंड इंजिन चालू करताच होज दगडासारखा कडक होतो. हेड गॅसकेटमधून (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलच्या पट्टीतून) जळका गॅस कूलंटमध्ये येत असावा. गॅरेजमध्ये निळ्या द्रवाची परीक्षा असते. गॅस असला की द्रवाचा रंग बदलतो.
- सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो आणि पातळी पडते, पण बाहेर थेंब नाही. ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर थंड करणारा भाग) किंवा हेड गॅसकेट.
- डिपस्टिकवर तेल दुधाळ, कॉफीच्या रंगाचं दिसतं. इंजिन पुन्हा स्टार्टच करू नका, गाडी ओढून आणा.
- तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडं सरकतो. "पुढच्या ढाब्यापर्यंत जाऊ" म्हणून निघालेल्या गाड्यांचे वाकलेले हेड माझ्या गॅरेजमागं पडून आहेत.
- चालत्या गाडीत काचेवर अचानक वाफ धरते, किंवा पायावर गरम पाणी पडतं. हळू करा, कडेला घ्या, ब्लोअर बंद करा, काच खाली करा.

ड्रायव्हरला चक्कर आली, मळमळ झाली तर आधी त्याला खाली उतरवून मोकळ्या हवेत बसवा. कुणाच्या पोटात कूलंट गेलं असेल तर वाट न बघता सरळ दवाखाना. माणूस ठीक दिसत असला तरी.

दुरुस्ती झाल्यावर नमदा पूर्ण बाहेर काढून साध्या पाण्यानं दोन-तीनदा धुवा आणि दोन दिवस उन्हात टाका. पत्रा पुसा, काच आतून साबणाच्या पाण्यानं धुवा. एवढं केलं नाही तर वास महिनाभर राहतो आणि मालक म्हणतो दुरुस्ती फसली.

मिस्त्रीकडं जाताना एका कागदावर लिहून न्या: वास केव्हा येतो, ब्लोअर कशावर असताना येतो, किती किलोमीटरमध्ये किती कूलंट गेलं, शेवटची केबिन कधी उचलली होती. हा कागद हातात असला तर मी पहिल्या तासाभरात कुठं बघायचं ते सांगू शकतो.